ख्रिस्ती सुवार्तेच्या घोषणेचे प्रयोजन आणि महत्त्व : मराठी परंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी भाषेत ‘सुवार्ता’ हा शब्द आज जवळजवळ ख्रिस्ती संदर्भापुरताच उरला आहे. ‘शुभवर्तमान’ हा त्याचा दुसरा पर्याय होय. दोन्ही शब्द ग्रीक भाषेतील ‘एव्हँगेलियन’ या शब्दासाठी योजले गेले असून त्याचा मूळ अर्थ ‘चांगली बातमी’ एवढाच आहे. हा शब्द मुळात देवालयातील नव्हता. आशिया मायनरमधील प्रिएने येथे सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व ९ या वर्षीच्या शिलालेखात सम्राट ऑगस्टस याचा जन्मदिवस हा जगाच्या दृष्टीने शुभवार्तांचा आरंभ होय, अशा आशयाचा उल्लेख आढळतो. राजसत्तेच्या विजयाची व राज्यारोहणाची वार्ता सांगण्यासाठी जो शब्द रूढ होता, तोच शब्द आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने त्याच साम्राज्याने क्रूसावर मृत्युदंड दिलेल्या नासरेथच्या एका सुताराविषयी वापरला. सुवार्तेच्या घोषणेत आरंभापासूनच सत्तेविषयीचे एक विधान दडलेले आहे, ते असे. पुढे ही घोषणाच जेव्हा सत्तेच्या आश्रयाने होऊ लागली, तेव्हा निर्माण झालेला पेच समजून घेण्यासाठी हे मूळ ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सुवार्ता कशासाठी सांगावयाची, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः ‘धर्मांतरासाठी’ असे एका शब्दात दिले जाते. प्रसारक आणि त्यांचे कडवे टीकाकार यांचे इतर कशावर नसले तरी या एका उत्तरावर बहुधा एकमत असते, ही गंमतीची गोष्ट आहे. तथापि मराठी भाषेतील सुवार्ताप्रसाराचा सुमारे चारशे वर्षांचा इतिहास पाहिला असता हे उत्तर अपुरे ठरते. सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याची भाषा, त्याची उपासनारीती आणि त्याचा नकार यांची किती गांभीर्याने दखल घेतली, यावरच त्या घोषणेचे प्रयोजन कितपत सिद्धीस गेले हे ठरत आले आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही निवडक टप्प्यांचा विचार केला आहे.

घोषणेमागील धर्मशास्त्रीय भूमिका

नव्या करारात सुवार्तेच्या घोषणेचे प्रयोजन एकाच ठिकाणी, एकाच सूत्रात सांगितलेले नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाऊन शिष्य करण्याची, बाप्तिस्मा देण्याची व शिकविण्याची आज्ञा देतो. मिशन चळवळीने आपला आधार म्हणून प्रामुख्याने याच आज्ञेकडे बोट दाखविले. लूककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात मात्र वेगळे चित्र दिसते. तेथे येशू आपल्या गावच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याची गुंडाळी उघडतो आणि दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका व अंधांना दृष्टी हेच आपले कार्य असल्याचे जाहीर करतो. येथे सुवार्ता म्हणजे कोणत्या समाजात प्रवेश करावयाचा याची सूचना नसून दुःखितांच्या स्थितीत घडणारा पालट आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तिसराच मुद्दा येतो. ऐकल्याविना विश्वास कसा बसणार आणि सांगणारा नसेल तर लोक ऐकणार कसे, अशी ती सरळ तर्कसाखळी आहे. विश्वास जन्माने किंवा रक्ताने मिळत नाही, तो ऐकण्यातून येतो. म्हणून सांगणे अपरिहार्य ठरते.

घोषणेसाठी ग्रीक भाषेत ‘केरिग्मा’ असा शब्द आहे. चौकात उभा राहून राजाज्ञा पुकारणाऱ्या दवंडीवाल्याचे ते काम. दवंडीवाला वार्तेचा मालक नसतो आणि तिच्या परिणामाचाही धनी नसतो. वार्ता शुद्ध रूपात, समजेल अशा भाषेत पोहोचविणे एवढेच त्याचे कर्तव्य. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्समधील अरीयपगावर बोलतो, तेव्हा तो यहुदी शास्त्रातील वचने न देता ग्रीकांच्याच कवींचा आधार घेतो आणि त्यांच्याच नगरातील एका अनामिक वेदीपासून विषयाला आरंभ करतो. त्याचे बोलणे ऐकून काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा केव्हातरी ऐकू असे म्हटले, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. या तीनही प्रतिक्रियांची नोंद ग्रंथकर्त्याने कसलाही विषाद न मानता केली आहे. श्रोत्याची भाषा व श्रोत्याचा नकार या दोन्ही गोष्टी घोषणेच्या पोटातच सामावलेल्या आहेत, हे या प्रसंगावरून दिसून येते.

फादर स्टीफन्स आणि पुराणाची मागणी

मराठीतील सुवार्तेचा पहिला मोठा ग्रंथ एका इंग्रज जेझुइटाने लिहिला. थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, त्यांचे कार्य मुख्यतः साष्टी प्रांतात चालले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग असून पहिल्यात जुन्या कराराची व दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राची कथा आहे.

या ग्रंथाची निर्मिती कशातून झाली याचे उत्तर ग्रंथातच मिळते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांमधील एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्ही ऐकावे असे दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न साधा दिसला तरी मूलगामी आहे. बाप्तिस्मा झालेला आहे, प्रार्थना पाठ झालेल्या आहेत, आणि तरीही श्रवणाची भूक शिल्लक आहे. धर्म बदलला तरी कथा ऐकण्याची रीत बदललेली नाही. स्टीफन्स यांनी त्या रीतीचा मान राखला. त्यांनी ओवी स्वीकारली, अध्यायांची पुराणपद्धती स्वीकारली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यासारखे शब्द निःसंकोच वापरले आणि आपल्या ग्रंथाच्या आरंभी मराठी भाषेची मुक्तकंठाने स्तुती केली. ज्ञानदेव व एकनाथ यांच्यानंतर परदेशी माणसाने मराठीचे असे गौरवगान करावे, हे मराठीच्या प्राध्यापकांना परिचित असले तरी त्याचा धर्मशास्त्रीय अर्थ क्वचितच लक्षात घेतला जातो. भाषेची ही स्तुती अलंकारापुरती नाही. देवाची वार्ता लॅटिन वा पोर्तुगीज भाषेत जितकी सत्य आहे तितकीच ती मराठीतही सत्य असू शकते, असा तिचा आशय आहे.

तथापि या ग्रंथाची पार्श्वभूमी विसरता येत नाही. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडण्यात आली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून ठार केले. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय कार्यरत होते. पुराण ऐकण्याची मागणी करणारा तो ब्राह्मण याच प्रदेशात राहत होता. त्याच्या होकारात भय किती आणि श्रद्धा किती, हे आज कोणालाही वेगळे करून सांगता येणार नाही. स्टीफन्स यांच्या ओव्यांचे सौंदर्य मान्य करतानाही ही बाब नजरेआड करणे योग्य ठरणार नाही. नियतीचा भाग असा की, ज्या सत्तेच्या छायेत हा ग्रंथ निर्माण झाला तिनेच पुढे १६८४ मध्ये लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. ‘क्रिस्तपुराण’ गोव्याबाहेर, कॅनरा प्रांतात स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांतून टिकले, आणि त्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून त्याची आवृत्ती प्रसिद्ध केली. १६१६, १६४९ व १६५४ या तीनही मूळ मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राजसत्तेच्या छायेत छापलेले नष्ट झाले आणि लोकांनी वाचनासाठी जपलेले उरले.

वादविवादाचा कालखंड

एकोणिसाव्या शतकातील प्रोटेस्टंट मिशनांचा मार्ग वेगळा होता. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैद्यनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी व्याकरण (१८०५), कोश (१८१०) व नवा करार (१८११) सिद्ध केला. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार त्यांना परत पाठविण्याच्या विचारात होते. गोव्याच्या तुलनेत हा फरक महत्त्वाचा आहे. सत्ता आणि मिशन येथे एकरूप नव्हते, किंबहुना आरंभी सत्तेला मिशनची अडचणच वाटत होती. असे असले तरी प्रसारकाच्या पाठीशी जेत्यांची प्रतिष्ठा उभी होती, आणि ऐकणाऱ्यांना ती दिसत होती.

या काळात सुवार्ता प्रामुख्याने वादाच्या रूपात सांगितली गेली. डॉ. जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकर यांचा मुंबईत १८३१ मध्ये जाहीर वाद झाला आणि त्यातून ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक निघाले. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यात वाद झाले. या वादांनी मराठी गद्याला तर्काची धार दिली, छापील पत्रकांचा प्रघात पाडला आणि आपला धर्म प्रतिपक्षासमोर मुद्देसूद मांडण्याची सवय दोन्ही बाजूंना लावली. हे योगदान मोठे आहे. पण सुवार्तेच्या प्रयोजनाच्या दृष्टीने पाहता वादाची पद्धत सर्वांत निष्फळ ठरली, असेच म्हणावे लागेल. प्रतिपक्षाच्या ग्रंथांतील दोष शोधण्यासाठीच ते ग्रंथ वाचणारा माणूस त्या ग्रंथांवर जगणाऱ्या लोकांचे ऐकत नसतो. आणि ज्याचे ऐकले गेले नाही तो ऐकण्यास फारसा उत्सुकही नसतो.

वादाची किंमत मात्र कुटुंबांना मोजावी लागली. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींकडे गेला होता. न्यायालयाने तो अल्पवयीन असल्याने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर त्याला जातीत परत घेण्यास सनातन्यांनी विरोध केला आणि बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याच्या बाजूने जोरदार प्रयत्न केले. एका बालकाच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे धर्ममार्तंड जेवढे बोलले, तेवढे त्या बालकाला कोणी विचारल्याचे दिसत नाही.

याच मुंबईत जॉर्ज बोवेन नावाचे एक अमेरिकन मिशनरी राहत होते. १८४८ मध्ये आल्यानंतर थोड्याच काळात त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि गरिबांच्या वस्तीत अत्यंत साधेपणाने ते १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. समुद्रकिनारीच्या वादांचा वृत्तांत प्रसिद्ध करणारेही तेच. त्यांच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेल्यांची संख्या नगण्य होती. तरीही मुंबईतील लोक त्यांना साधू मानत. शिरगणतीच्या मापाने मोजल्यास बोवेन अयशस्वी ठरतात. केरिग्माच्या मूळ अर्थाने पाहिल्यास तसे म्हणता येत नाही.

सेवा : साधन की सुवार्ता?

मिशनांच्या कार्यात शाळा, दवाखाने व दुष्काळी मदत यांचा वाटा मोठा आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे उघडलेले रुग्णालय दक्षिण महाराष्ट्रात दूरवर विख्यात झाले. या कार्याविषयीचा आक्षेपही तेवढाच जुना आहे. सेवा ही धर्मांतराचे आमिष आहे, असा तो आक्षेप होय. लूककृत शुभवर्तमानातील सूत्र मान्य केल्यास सेवा हे सुवार्तेचे साधन नसून सुवार्तेचाच एक भाग ठरते, आणि मग तिच्या बदल्यात काही अपेक्षिणे हा त्या सुवार्तेचाच भंग होतो. मिशनांच्या व्यवहारात हा भेद नेहमी पाळला गेला असे नाही. दुष्काळाच्या वर्षांत बाप्तिस्म्यांचे आकडे वाढले याचा काही मिशनरींना आनंद झाला, तर काहींना त्याच आकड्यांविषयी शंका वाटली.

अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती हे महार व मांग समाजांतून आले. त्यांना सुवार्तेत काय ऐकू आले, हा प्रश्न वादपंडितांच्या ग्रंथांतून सुटत नाही. अक्षरओळख, प्रार्थनागृहात सर्वांसोबत बसण्याचा हक्क, नाव लावून हाक मारली जाणे, या गोष्टींत त्यांना देवाची वार्ता दिसली असल्यास त्यास केवळ ऐहिक लाभ म्हणून हिणविणे अनुचित होईल. पण जात देवळाच्या बाहेर राहिली, असेही घडले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतरितांच्या स्थितीवरील आपल्या निबंधात नेमके यावरच बोट ठेवले. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात त्याच्यामागे गेलीच, आणि अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे बळ त्याला नव्या समाजाने दिले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. सुवार्ताप्रसाराच्या महत्त्वाची चर्चा करणाऱ्या लेखनात या टीकेला टाळून पुढे जाण्याची जी प्रथा पडली आहे, ती बरी नव्हे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात वेगळे उभे राहते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी श्रद्धेच्या प्रश्नांवर केलेला पत्रव्यवहार पाहता, सुवार्ता स्वीकारणे म्हणजे सांगणाऱ्याचा अधिकार स्वीकारणे नव्हे हे त्यांना पुरेपूर उमगले होते, असे दिसते. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास गेले. तेथे धर्मनिरपेक्षतेचे वचन मोडले गेल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. त्यांच्या सुधारक सहकाऱ्यांनीही त्यांची साथ सोडली. रमाबाई आपली प्रार्थना उघडपणे करीत आणि मुलींना तेथे येण्यास मज्जाव करीत नसत. हा प्रभाव की प्रचार, हे ठरविणे तेव्हाही सोपे नव्हते.

त्यांच्या आयुष्याचे अखेरचे मोठे काम म्हणजे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर व दर्शनशास्त्रातून घेतलेले शब्द खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाहीत, शिवाय ते अर्थाची दिशाही बदलतात, असे त्यांचे मत होते. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या विदुषीनेच संस्कृत शब्द दूर सारावेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे आश्रमातील स्त्रियांनी केली. १९२२ मध्ये, मृत्यूपूर्वी, रमाबाईंनी हे काम पुरे केले. स्टीफन्स यांनी ‘वैकुंठ’ घेतले आणि रमाबाईंनी तसे शब्द टाळले, पण दोघांचीही कसोटी एकच होती. समोर बसलेल्या माणसाला काय कळते, ही ती कसोटी.

अभंग, कीर्तन आणि देवाचा दरबार

ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा अहमदनगरच्या परिसरात कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्यांनी रुजविली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या हाती तिला काव्याचे सामर्थ्य लाभले. टिळकांना नवा करार प्रथम मिळाला तो आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाकडून. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. तिच्यात वादकाळातील भूमिकेचा पूर्ण नकार आहे. ज्या पुलावरून आपण आलो तो पाडून टाकण्याची गरज त्यांना वाटली नाही. ‘अभंगांजली’तील रचना आणि ‘ख्रिस्तायन’चा अपुरा राहिलेला व लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेला प्रकल्प ही त्याची फळे होत.

१९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनरींकडे एक जाहीर मागणी केली होती. तुम्ही त्याग केलात, दानही केलेत, आता मैत्री द्या, असा तिचा आशय होता. टिळकांना तीच उणीव जाणवत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी कल्पना होती. बाप्तिस्म्याची नोंदवही बाजूला ठेवून सुवार्तेचे प्रयोजन सांगण्याचा मराठीतील हा सर्वांत धाडसी प्रयत्न होय. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. चर्चला तो फार मोकळा वाटला, आणि चर्चबाहेरच्यांना तो चर्चचाच वाटला.

सांगण्याचा अधिकार आणि नाकारण्याचे स्वातंत्र्य

स्वतंत्र भारतात हा प्रश्न घटनेच्या भाषेत पुन्हा उभा राहिला. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कावर चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांनी ‘प्रचार’ या शब्दास तीव्र विरोध केला, तर कन्हैयालाल मुनशी व टी. टी. कृष्णमाचारी यांनी त्याचे समर्थन केले. अखेर अनुच्छेद २५ मध्ये तो शब्द राहिला. पुढे १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नियोगी समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाने मिशनांच्या कार्यपद्धतीवर कठोर टीका केली; त्या वेळी नागपूर व विदर्भाचा प्रदेश याच राज्यात होता. ओरिसा (१९६७) व मध्य प्रदेश (१९६८) येथील कायद्यांना दिलेल्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात निर्णय दिला. आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क प्रत्येकास आहे, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या निर्णयावर बरीच टीका झाली आहे. ऐकणाऱ्याने स्वतःहून धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य त्यात पुरेसे स्पष्ट झाले नाही, ही टीका रास्त आहे. पण सांगणे आणि बदलणे यांतील कर्ता वेगवेगळा आहे, हे जे त्यात सूचित होते, ते पौलाच्या तर्कसाखळीशी विसंगत नाही.

चर्चच्या अंतर्गत विचारातही असाच पालट झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याविषयी जाहीरनामा काढून श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये असे सांगितले. त्याच वर्षी मिशनकार्यावरील तिचा दस्तऐवजही संमत झाला. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचे आंतरधर्मीय संवादाचे मंडळ आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून बहुधर्मीय जगातील ख्रिस्ती साक्षीविषयी आचारतत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत आमिष, फसवणूक व बळजबरी यांचा स्पष्ट निषेध आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १०.८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडी कमी आहे. चारशे वर्षांच्या घोषणेचे फलित एवढ्या आकड्यात मावत नाही. ते मराठी मुद्रणात, स्त्रीशिक्षणात, आत्मचरित्राच्या वाङ्मयप्रकारात विखुरलेले आहे.

त्या आत्मचरित्रांपैकी ‘स्मृतिचित्रे’ येथे विशेष महत्त्वाचे ठरते. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्यांच्या मागे जाण्यास नकार दिला. काही वर्षे त्या दूर राहिल्या. टिळकांसारखा वक्ता व कवी घरातच असताना त्यांचे मन त्याच्या व्याख्यानांनी वळले नाही. एकत्र राहू लागल्यानंतरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते, स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवले होते, आणि टिळकांनी ते चालू दिले. पुढे जात ही देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर त्यांनी एकट्यानेच विचार केला, उत्तर मिळाले तेव्हा कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरविले, आणि त्यानंतर १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.